साहेबाच्या तोंडून सांगितलेलं

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत तुमची इतकी स्तुती ऐकली की आता कान किटले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. माणसं येतात, दारात चपला काढता काढता तोंड पाडतात, ओटीवर बसतात आणि "वाईट झालं" म्हणतात. पाण्याचा तांब्या फिरला की त्यांचं दुःख संपतं. मग कुणीतरी म्हणतो, "सांगनारा भाऊ तो सायबना सिनेमा कसा सांगे, याद शे का?" लगेच दुसरा उठतो, डोक्यावरची टोपी हातात घेतो, गुडघे वाकवतो आणि रडका आवाज काढून तुमचं ते वाक्य म्हणतो. सुतकाच्या घरात सगळी ओटी खदखदते. आतल्या खाटेवर तुमची आईसुद्धा हसते. मी भिंतीकडे तोंड करून बसते, आणि बायकांना वाटतं मी रडते आहे.

गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये, असं मी शाळेत मुलींना शिकवते. पण नवऱ्याला बोलायचं नाही तर मग कुणाला बोलायचं? तुम्ही होतात तोवर समोर बसून बोलले. आता कागदावर बोलते. तुम्हाला हे आता वाचता येणार नाही हे मला कळतं, मी काही खुळी झालेली नाही.

आताच्या पोरांनी बोलका सिनेमाच पाहिला आहे. त्यांना तुमचं काम सांगितलं तरी खरं वाटत नाही. पडद्यावर माणसं नुसती ओठ हलवायची, मधे इंग्रजीत चार ओळी यायच्या, आणि तुम्ही खोक्यावर उभे राहून, हातात वेताची छडी घेऊन, ते सगळं अहिराणीत सांगायचात. साहेबाचा आवाज तुमचा, मड्डमेचा तुमचा, कुत्र्याचाही तुमचाच. स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत करीमशेठचा तंबू लागायचा. सुरतेच्या गाडीने रिळांचे पत्र्याचे डबे आले की दुपारी तुम्ही एकदा सिनेमा बघून घ्यायचात आणि संध्याकाळी लोकांना भलताच सांगायचात. तुमचं इंग्रजी चौथीपर्यंतचं. त्यात जे कळलं ते कळलं, उरलेलं तुमच्या पदरचं. "हे खोटं आहे," असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "लोकेस्ले समजाले जोयजे ना!" यावरून आपली किती भांडणं झाली. मी मास्तरीण, मला खाडाखोड सहन होत नाही. तुमचा धंदाच खाडाखोडीचा.

खरं सांगायचं तर मला मास्तरीण तुम्हीच केलंत, आणि तेही लपूनछपून. लग्न झालं तेव्हा मी मराठी पाचवी झालेली. तुमची आई म्हणाली, सुनेच्या हातात पाटी दिसली तर चुलीत घालीन. तुम्ही हू की चू केलं नाहीत. आईपुढे तुम्ही कधी काही बोललाच नाहीत. पण रोज संध्याकाळी तंबूवर जाताना माझी पुस्तकं कोटाखाली घालून शाळेच्या मास्तरांच्या घरी पोचवायचात. मी देवळाच्या निमित्ताने बाहेर पडायची आणि मास्तरांच्या घरी अभ्यासाला बसायची. परीक्षा पास झाल्यावर आईला कळलं. तेव्हा तुम्ही मुद्दाम दोन दिवस शहाद्याला जाऊन बसलात आणि शिव्या मी एकटीने खाल्ल्या. तुमचे उपकारसुद्धा असेच, कोटाखालून आलेले.

आणि तोरणमाळ. ते आठवलं की राग जरा वेळ बाजूला सरतो, म्हणून ते आत्ताच लिहून टाकते. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. तुम्ही आईला सांगितलंत, गोरखनाथाला नवस बोलायला जातो, दोघंच जातो. पायथ्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे ती जीव काढणारी चढण. अर्ध्यावर माझ्या पायात गोळे आले, तर तुम्ही आजूबाजूला कुणी नाही बघून माझे पाय चेपलेत. वर तळ्याकाठी तीन दिवस राहिलो. तुम्ही मला सगळे सिनेमे सांगितलेत, सगळे आवाज काढून, एकटीसाठी. हसून हसून माझं पोट दुखलं. दुसरं कुणी नाही, सासू नाही, चूल नाही. उतरताना अर्ध्या वाटेवर आठवलं की नवस बोलायचा राहूनच गेला. तुम्ही म्हणालात, "आते काय परत चढवानं? गोरखबाबाले आठेथीनच हात जोड." मी जोडले. नवरा-बायकोने उगीचच कुठे जावं, काही कारण नसताना, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

म्हणून तर त्या साहेबाच्या सिनेमाचा मला इतका तिटकारा. तो आला तेव्हा आपल्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोन साहेब, त्यांच्या दोन मड्डमा, सगळे लग्न झालेले. बोटीत बसून कुठल्याशा बेटावर हवा खायला जातात. तिथे समुद्र, माडाची झाडं, गवताच्या झोपड्या. कामधंदा काही नाही. एकाची बायको दुसऱ्याबरोबर नाचते, मग पहिला रुसतो, पाण्यात पडतो, माकड त्याची विजार पळवतं, आणि शेवटी ज्याची त्याला मिळते. एवढाच सिनेमा. उघड्या मांड्यांनी बसलेल्या बायका, आणि त्यांच्याकडे बघून शिट्ट्या मारणारे आपले बाप्ये. तंबूत विड्यांचा धूर, घाम, ओल्या पोत्यांचा कुबट वास. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू यांच्यामधे पोती टांगलेली. मी तुमच्या आईला घेऊन बसले होते. तिला सिनेमाचं वेड. तुमचा आवाज ऐकायला ती दर खेळाला यायची.

तुम्ही सुरुवात केलीत आणि पाच मिनिटांत पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "आरे पन हाई लोके तठे गयात कसाले?" जत्रा नाही, लग्न नाही, मयत नाही, तर चार माणसं घरदार सोडून जातील कशाला, हे कुणालाच कळेना. दुसऱ्याने पडद्यावरचे माड बघितले. आपल्याकडे तसलं झाड म्हणजे ताड. तो ओरडला, "ताडी पेवाले!" सगळा तंबू हसला, आणि सिनेमा तुमच्या हातून निसटायला लागला. तुम्ही छडी आपटलीत आणि म्हणालात, "नही भो, ताडी नही. नवस कराले गयात. लगीनले नऊ वरीस व्हई गयात, पोऱ्या-सोऱ्या नही."

तंबू गप्प झाला. आता सगळ्यांना कळलं. बायकांच्या बाजूने तर चुकचुकणं ऐकू आलं. माझे कान तापले. नऊ वर्षं कुणाची होती हे मला सांगायला नको होतं. तुमची आई मात्र त्या मड्डमेकडे बघून म्हणाली, "बिचारी वं, इतली गोरी आनि वांझ."

पुढे ती मड्डम केळं खायला लागली. आणि मला तिथेच ओकारी आली. त्यामागची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, पण तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथे होतात. तुमच्या आईने माझ्यावर काय काय केलं ते मी मोजत नाही. कडू काढे झाले, अंगारे झाले, उपासांनी हाडं वर आली. त्या सिनेमाच्या आधी दोन वर्षं तिने कुठून तरी एका बाळाची वाळलेली नाळ आणली, करंगळीच्या पेराएवढी, काळी. ती केळ्यात घालून न चावता गिळायची, म्हणजे कूस उजवते. तापीकाठचं मोठं केळं होतं. ते तुम्ही सोललंत. तुम्ही चीर दिलीत, तुमच्या आईने नाळ आत बसवली, आणि मी डोळे मिटून गिळली. घशात अडकली तर तुम्ही पाणी दिलंत. मग सालं उचलून गाईला घातलीत. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय हा माणूस, किती जीव लावतो.

तर मी तोंडाला पदर लावून बसले होते, आणि पडद्यावर तो हडकुळा साहेब एका जाड्या बाईपुढे आला. ती बाई त्या झोपड्यांची मालकीण होती आणि तो तिच्याकडे खोलीची किल्ली मागत होता, हे तुम्हीच मला पुढे सांगितलंत. पण त्या संध्याकाळी तुम्ही तिला त्याची आई केलंत. साहेबाने टोपी काढली, गुडघे टेकले, हात जोडले. तुम्ही थांबलात. पडद्याशेजारी बाजाची पेटी वाजवणाराही थांबला. मग तुम्ही एका आवाजात बोललात, जो साहेबाचा नव्हता आणि तुमचा नेहमीचाही नव्हता:

"माय, मन्हं दुसरं लगीन करू नको वं. तिन्हामा काही खोट नही. खोट मन्हामा शे."

असा हशा करीमशेठच्या तंबूने त्याआधी ऐकला नव्हता. कुठला बाप्या असं म्हणतो? साहेब होता म्हणून म्हणाला! लोक मांड्या बडवत होते. "आखो सांग, आखो सांग!" तुम्ही परत सांगितलंत. तुमची आई हसून हसून माझ्या अंगावर पडली. "दख वं, कसा रडी ऱ्हायना येडा!" म्हणाली. त्याच महिन्यात ती तुमच्यासाठी दुसरी मुलगी बघून आली होती. लेकी बोले सुने लागे हे जन्मभर तिचं हत्यार. तुम्ही साहेबी बोले आईला लागे असं करायला गेलात, आणि आईला काही लागलं नाही. लागलं ते मला.

सकाळी तुम्ही मोरीपाशी राखेने दात घासत होतात. मी विचारलं, "ते कोठेन आनं तुम्ही?"

"कोनतं?"

"खोट मन्हामा शे, ते."

"सिनेमामा लिखेल व्हतं."

"मन्हाकडे देखीसन सांगा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. चूळ भरलीत, बोटाला लागलेली राख पाहिलीत. "धुळ्याना डॉक्टरनी सांगं," म्हणालात. पोरवयात गालफुगी झाली होती, ती खाली उतरली होती, तेव्हाच सगळं गेलं.

"कवय सांगं?"

"चार वरीस व्हई गयात."

चार वर्षं. मी हिशेबात कच्ची नाही. मी ते केळं गिळलं त्याला दोनच झाली होती.

मी तुमच्यावर ओरडले नाही, कारण पलीकडे आई होती. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं, ओरडायला हवं होतं. मी मोरीत घशात बोटं घालून ओकले, जसं काही ते दोन वर्षांपूर्वीचं अजून पोटात होतं. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तो हात मला पालीसारखा वाटला. "मी सांगं ना," तुम्ही म्हणत होतात. "चारशे मानूससमोर सांगं."

चारशे माणसांना सांगायचं नव्हतं हो. घरातल्या एका म्हातारीला सांगायचं होतं, साध्या तोंडाने, टोपीबिपी न काढता.

यावर आपण आईच्या कानाआड बारा वर्षं भांडलो. तुमचं म्हणणं, मी सांगितलं, तिने ऐकलं नाही तर माझा काय दोष. माझं म्हणणं, जे ऐकू जाणारच नाही अशा रीतीने सांगितलं ते सांगितलंच नाही. कधी तुम्ही म्हणायचात, "मी दुसरी करी का? नही ना?" नाही केलीत. दर वेळी पुढच्या हंगामावर ढकललंत आणि शेवटी बघितलेल्या मुली दुसऱ्यांच्या घरी गेल्या. त्याबद्दल मी तुमचे आभार मानावेत अशी तुमची अपेक्षा असायची. केली असतीत तर तीही बिचारी केळी गिळत बसली असती, एवढंच मी म्हणायची. पण आज एकटीने लिहिते आहे तर कबूल करते, तुम्ही दुसरी आणली नाहीत म्हणून मी कित्येकदा तुम्ही झोपलेले असताना तुमच्या अंगावरची गोधडी सारखी केली आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चढून बसला असतात.

मीही काही कमी केलं नाही. बोलके सिनेमे आले आणि तुमचं खोकं गेलं. करीमशेठने तुम्हाला दारावर तिकिटं फाडायला उभं केलं. पहिल्या दिवशी तुम्ही घरी आलात, पाट ओढून बसलात आणि भाकरीला हात लावला नाहीत. मी म्हटलं, "बरं झालं, आता साहेबांना स्वतःचं तोंड आलं." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी लगेच उठून पाणी आणायला गेले. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. घेतलं नाही. त्यानंतर तुम्ही कुणाचेच आवाज काढले नाहीत. शेजारची पोरं म्हणायची, भाऊ, कुत्र्याचा काढा ना. तर तुम्ही नुसते हसायचात. आपल्या घरात आवाज आवाज म्हणून जो होता तो गेला, आणि मी माझ्या हट्टापायी त्याचं सुतकही पाळलं नाही.

मग हा दम लागायचा आजार. शेवटच्या आठवड्यात आई पाणी प्यायला उठली तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "मी गया का मायले तू सांगी देजो."

तेव्हा मला तुमची जी किळस आली ना, तशी त्या मोरीपाशीही आली नव्हती. मरतानासुद्धा दुसऱ्याचंच तोंड लागतं तुम्हाला! आधी साहेबाचं, आता बायकोचं. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "मी नही सांगाव. तुम्हीच सांगा." त्यानंतर तुम्ही तीन दिवस होतात. शुद्धीवर होतात. आई हातभर अंतरावर बसून तुम्हाला पंख्याने वारा घालत होती. तीन दिवस. तुम्ही छताकडे बघत राहिलात.

तुम्ही गेलात त्या दिवशी तिने सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट करून, तुमचं घरातलं नाव घेत म्हटलं, "ह्या वांझोटीनी मन्हा नाना खादा. नाव चालाडाले एक पोऱ्या दिधा नही." बायकांनी माना हलवल्या. त्यांतल्या किती जणी त्या तंबूत होत्या! मी तोंड उघडलं होतं. वाक्य जिभेवर होतं. पण तुम्ही तिथे आडवे होतात, नाकात कापूस, आणि मला वाटलं, हा माणूस आत्ता ऐकतो आहे आणि सुटलो म्हणतो आहे. म्हणून नाही बोलले. तुम्हाला इतक्या स्वस्तात सुटू द्यायचं नव्हतं.

काल दुपारी मात्र मंडळी उठून गेली. ते टोपी काढून दाखवणारे दोघेही गेले. घरात मी आणि म्हातारी. मी तांदूळ निवडत होते. ती खाटेवरून म्हणाली, "सूनबाई, आठे ये." मी गेले. तिने चाचपडत माझा गुडघा धरला. तिला आता दिसत नाही फारसं.

"तो सायब," ती म्हणाली. "माय माय करी रडे तो."

"हां."

"लोके हासेत, मी बी हासे. पन नानाना आवाज तठे आल्लग व्हता. माले तवयच लागनं व्हतं." तिने माझा गुडघा घट्ट धरला. "तो मालेच सांगे का वं?"

बारा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. कधीकधी शाळेत जाता-येता मी उत्तर पाठ करायची. नाळ कुठून आणलीस, काढे किती पाजलेस, वांझ किती वेळा म्हणालीस, सगळं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. तुमचीही परवानगी होती. म्हातारीचे डोळे माझ्या तोंडाच्या जरा बाजूला लागले होते.

मला तिची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. आली नाही. पण खरं सांगितलं असतं तर तिच्याजवळ काय राहिलं असतं? मुलगा गेला, आणि तो मुलगा तिच्या तोंडासमोर सोळा वर्षं गप्प बसला होता, एवढंच. मी म्हटलं, "नही माय. तो सिनेमा व्हता. खोट मन्हामाच व्हती."

तिने हात काढून घेतला. "माले म्हाईतच व्हतं," म्हणाली, आणि भिंतीकडे वळून पाच मिनिटांत घोरायला लागली.

मी तिथेच बसून राहिले. जे तुम्ही केलंत तेच मी केलं होतं, समोरच्या माणसाचं तोंड पाहून खरं गिळलं होतं, आणि ते त्या नाळेपेक्षा वाईट लागलं. हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. उद्या तुमचं दहावं आहे, आणि परत तेच लोक येऊन तेच वाक्य म्हणतील, आणि मी भिंतीकडे तोंड करीन. या गावात ते वाक्य खरं होतं हे जाणणारे आपण दोघंच होतो. आता मी एकटी. रात्रंदिवस तुमच्याशी भांडायचं आहे मला, आणि तुम्ही समोर नाही. एवढं तरी करायचं होतंत हो, भांडायला तरी राहायचं होतंत.